अर्धा तास अंधार

आधी अर्धा तास अंधार द्यायचा.
बीकरवर काळं कापड, आत चुंबक फिरता.
तेवढ्यात पांढरी पूड पाण्यातल्या निळ्याला नुसती चिकटते
आणि पाणी फिकं दिसू लागतं.
ते खरं नाही.
उन्हाच्या आधीचं फिकेपण
हिशेबातून वजा करायचं,
नाहीतर माणूस स्वतःलाच फसवतो.

हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगते
कलिन्याच्या या गच्चीवर, टाकीच्या बाजूला,
जिथे अकरा ते दोन सावली फिरकत नाही
आणि पास्कल छत्री घेऊन कबुतरं हाकलत बसतो.

पूड म्हणजे काही दिव्य नाही.
भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच.
ऊन पडतं, त्यातलं सगळं तिला चालत नाही,
शंभरातले चार-पाच वाटे,
तेही डोळ्याला न दिसणारे.
तेवढ्यावर कणातला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो.
मागे उरलेली रिकामी जागा भुकेली.
ती पाण्याकडून ओढून घेते,
पाणी पिसाळतं, रंगाला चावतं,
कडी कडी सुटत जाते.

अप्पा रंगारी. त्र्यंबक भावसार, कुर्ला,
पत्र्याची शेड, सुताच्या लडी.
"आपला रंग जात नाही,"
हे एकच वाक्य गिऱ्हाइकाला, इन्स्पेक्टरला,
माझ्या होणाऱ्या सासऱ्यालासुद्धा.
शेडमागे मोरी, मोरीतून नाला, नाल्यातून मिठी.
सोमवारी निळी, बुधवारी डाळिंबी.
उद्या कुठला रंग यावर आम्ही पोरं पैज लावायचो.
मीच जिंकायचे.
मला ऑर्डरची वही वाचता यायची.

शेड विकल्यावर एकदा चहा पिताना सांगितलं:
अप्पा, मी रंग घालवते.
ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले.
"किती वेळात?"
दोन तास. उन्हात.
"आमचा नसेल," म्हणाले,
आणि बशी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा घेऊन आले.
तळाशी मूठभर निळा, गोठलेला.
पास्कलने मिठीचं पाणीही आणलं कॅनमधून.
म्हटलं, होऊन जाऊ दे.

बीकरमधलं पाणी शहाणं असतं, सांगितलेलं ऐकतं.
नदीचं नाही.
गाळात ऊन बोटभरही उतरेना,
भरतीचं मीठ पुडीच्या अंगावर बसलं,
पूड तळाशी जाऊन झोपली.
पास्कल म्हणाला, माझ्या बापाने इथे कोळंबी धरलीय.
यावर काय बोलायचं.

पूड काचेवर भाजून बसवली.
जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या फोडून, पट्ट्या करून.
पाणी गाळलं, पातळ थरात वाहू दिलं.
दोन तास. पाच.
तिसऱ्या दुपारी अप्पांचा निळा
आधी चिमणीच्या अंड्याइतका,
मग नुसता संशय,
मग नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.
अप्पांनी टोपी काढली,
पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी धरलं.
त्या बोटाच्या नखाखाली
चाळीस वर्षांचं काहीतरी अजून तसंच.

"वास आहे," म्हणाले.
"रंग मोडलाय. माल आतच आहे."

मोठ्या यंत्राला हेच सांगायला
गुरुवार उजाडला:
कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक.
बिनरंगाचे तुकडे,
ज्यांच्यावर नाल्याकाठची पोरं
पैज लावू शकणार नाहीत.

मी वहीत लिहिलं:
रंग, नाही. वास, आहे.
निरीक्षक, त्र्यं. भावसार.
पुढच्या सोमवारी ते आपणहून आले, डबा नसताना.
बीकरवर कापड होतं.
"आता किती वेळ?"
अंधाराचा अर्धा तास.
पुढचं माहीत नाही, अप्पा.

त्यांनी पास्कलची छत्री मागून घेतली
आणि टाकीला पाठ लावून बसले.