बुजवणं

प्यो पिलनामच्या कमरेच्या पिशवीत
पुट्टीची एक ट्यूब असते, गोधडीची जुनी सुई,
आणि बायकांच्या संडासाची किल्ली.
देगू शहर. भुयारी स्टेशन. जिना उतरला की डावा बोळ.
सकाळचे पाच चाळीस.

दार लावून ती आधी बसते,
म्हणजे खरंच बसते,
एखादी पोरगी बसेल तशी, गुडघे जवळ घेऊन,
आणि तिथून बघते: समोर, मग खाली, मग कडीपाशी.
भिंतीला कान असतात हे तिला माहेरीच कळलं होतं.
बटाट्याला फुटावेत तसे भिंतीला डोळे फुटलेले
तिनं इथंच पाहिले.

चोरानं पाडलेलं भोक
स्क्रूच्या खऱ्या भोकापेक्षा नीटस असतं.
हे कुणी शिकवलं नाही तिला.
सुई आत घालायची. कशाला टेकली, तर वर कळवायचं.
नाही टेकली, तर पुट्टी, अंगठा, ओलं फडकं.
कधी भोकात आधीच टिश्यूचा बोळा असतो,
एका हातानं स्कर्ट सावरत
दुसऱ्या हातानं कुणीतरी घाईत कोंबलेला.
तो काढताना ती क्षणभर थांबते,
आपल्याला आलेली चिठ्ठी असावी तशी.

पोरी बुजतात.
ती बुजवते.
नोकरी एवढीच, असं ती म्हणते.

पिलनाम म्हणजे नक्की मुलगा.
ही चौथी. आजोबांनी हिच्या गळ्यात
पुढच्या खेपेसाठी निरोप बांधला.
(आमच्याकडे नकोशी म्हणून मोकळे होतात.)
निरोप पोचला. भाऊ झाला.
भावाचं नाव त्याचं स्वतःचं आहे.
नवा मुकादम हजेरी घेताना अजून मान वर करतो:
"पिलनाम कुठाय? आला नाही का?"
"आला," ती म्हणते.

दुपारी पंपाच्या खोलीत तिघी डबे उघडतात.
टीव्हीवर कंपनीमालकाचा मुलगा
नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतोय
गाड्यांच्या रांगांमधून, मागे पियानो.
ओकबुन सुस्कारा सोडते, काय जीव लावतो गं.
कुम्रेच्या मनगटाला थंडीपासून पट्टा आहे,
मॉप पिळून पिळून.
पिलनाम मुळ्याची फोड कुरकुर चावते.
"हिनं हात सोडवून घेतला
तर मालिका किती भागांची होईल?"
"आजच संपेल."
आणि तिघींना असं हसू फुटतं
की कुम्रेला ठसका लागतो.
उद्याचा भागही बघणारच आहेत त्या. ते वेगळं.

तीन नंबरच्या दारापाशी निवडणूक उभी आहे,
एकसारखी जाकिटं, पांढरे हातमोजे,
मागच्या वर्षीच्या नाचाच्या गाण्यात
घुसवलेलं उमेदवाराचं नाव.
तो कमरेतून वाकतो. "आई, आशीर्वाद असू द्या."
आई म्हणालाच आहे तर ती सांगते:
चार वर्षं, एकच संडास, सहाशे अकरा भोकं.
वहीत मांडलंय सगळं, तारखेनिशी.
तो दोन्ही हातांनी तिचा हात धरतो,
हळूच, मनगटाच्या जरा खाली.
"बघू ना, आई. पण पोरांचीही मनं दुखावलीत हल्ली,
त्यांचाही विचार करायला हवा."
आणि कार्ड देतो. जाड, गुळगुळीत,
कोपऱ्यापर्यंत हसणारं.

पुट्टी सारखी करायला फारच छान निघालं ते.
दोन संडास झाले तरी कड मोडली नाही.
चेहरा मात्र बुजत गेला.

साडेनऊला एक पोरगी येते, शिकवणीची बॅग,
केस कानाच्या वर कापलेले.
दारात एक बाई तिला खालीवर बघून जाते.
पोरगी तिसऱ्या दाराशी थबकते.
"आजी, हे बघितलंय?"
"बघितलंय."
"आज?"
"आत्ता."
कडी लागते.
पिलनाम मॉप घेते आणि कोरडीच फरशी
दाराकडे पाठ करून पुसत राहते,
पाण्याचा आवाज येईपर्यंत.