नॅकर्ड

रात्रपाळी संपवून सकाळी आठला दार ढकललं
आणि कोटही न काढता
जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारून म्हटलं,
नॅकर्ड झालेय, आजोबा.

बर्नलीत हे सगळेच म्हणतात.
बसचा ड्रायव्हर, शाळेतून आलेलं पोर,
आमच्या वॉर्डातली सिस्टर बेनेडिक्टा तर तासातासाला.
दमले म्हणा, भागले म्हणा, पिट्टा पडला म्हणा,
त्यापलीकडे कोण कशाला बघतं.

सिरिल हॅलिवेल टोस्टला मार्मालेड फासत होते,
ते थांबले.
तो शब्द या घरात नको, म्हणाले.
हेच आजोबा, ज्यांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याला,
आयकर खात्याला आणि बॉयलरला
माझ्यादेखत काय काय ऐकवलंय!

मग चमच्याने हवेत एकेक दाखवत गेले:
शॅटर्ड म्हण. काच फुटते तशी, केरसुणीने गोळा करता येते.
डन इन म्हण. तुझी पणजी म्हणायची, सोमवारचं धुणं पिळून झाल्यावर.
बीट म्हण, तो अमेरिकन शिपायांचा, च्युइंगगमबरोबर आलेला.
वाइप्ड म्हण, पुसलेल्या फळ्यासारखी, उद्या पुन्हा लिहिता येतं.
जिगर्ड म्हण, त्याचा मूळ अर्थ कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून कुणाला लागतही नाही.
क्रीम क्रॅकर्ड म्हण, लंडनवाले बिस्किटाशी यमक जुळवतात,
आणि इथे ते अडखळले,
कारण यमक कशाशी जुळतं ते त्यांच्या ध्यानात आलं.

नॅकर हा माणूस असायचा, म्हणाले.
आमचा एन्टविसल. कालव्यापलीकडे त्याचं आवार.
रविवारी चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायचा,
मान घासून घासून लाल, कार्बोलिक साबणाचा वास.
म्हातारे घोडे विकत घ्यायचा.
कातडं एकाला, हाडं सरसवाल्याला,
शेपटीचे केस गाद्यांत.
दमलेला घोडा सकाळी उठतो गं.
नॅकर्ड म्हणजे
ज्याचा हिशेब झाला.

मी अकरा वर्षांचा.
डेअरीने मोटार घेतली आणि टॅन्सीचं काम संपलं.
बाबांनी जायचं होतं. बाबा म्हणाले, गुडघा दुखतोय.
तेव्हा पहिल्यांदा कळलं, त्यांना गुडघा आहे.

लगाम नुसता धरायला. वाट तिला पाठ.
दर दाराशी थांबायची.
एकोणतीस दारं.
मी मोकळ्या हातांनी उभा राहायचो,
बाटली ठेवायला लागतो तेवढा वेळ,
मग ती आपणहून निघायची.
कालव्याच्या पुलावर तिला काही उमगेना,
तिकडे आमचं गिऱ्हाईक नव्हतं.
एन्टविसलच्या फाटकाशी थांबली.
तिला वाटलं,
नवीन घर.

एन्टविसलने लगाम सोडवून माझ्या हातात दिला.
वर एक पेपरमिंट.
वाईट नव्हता माणूस, म्हणाले आजोबा,
आणि गार झालेला टोस्ट
कडेकडेने खाऊ लागले.

वॉर्डात मी अजून तोच शब्द वापरते, जीभ कुठे ऐकते.
घरी आल्यावर जिगर्ड.
कधी कधी दोन्हींच्या मध्ये, दाराबाहेर,
किल्ली शोधताना
काहीच म्हणत नाही.

नोव्हेंबरात बॉयलर पुन्हा बंद पडला त्या रात्री
आजोबा पाचव्या पायरीवर बसलेले दिसले.
एका पायात सपाता, दुसरी खाली.
दमलात? मी विचारलं.
त्यांनी सगळे शब्द चाचपून पाहिले,
खिशात सुटे पैसे चाचपावेत तसे,
मला दिसत होतं.
थांबलोय, म्हणाले.

मी सपाता उचलली नाही. दिवाही लावला नाही.
शेजारी उभी राहिले, मोकळ्या हातांनी,
बाटली ठेवायला लागतो
तेवढा वेळ.