ओल्या कापसाचं वजन

जिनिंगच्या काट्यावर बसतो मी, बावीस वर्सं झाले.
कापूस ओला असला तं काटा जास्त दाखवते,
हे लहान पोट्ट्यालेई समजते.
पन कबड्डीतलं कोनाले समजत नाई.

परवा घोगऱ्याचा भूषण सांगत आला,
"काका, आमच्या कॉलेजच्या प्रज्वलनं
एका मॅचमंदी बावीस पॉइंट आनले."
म्या इचारलं, कोनाइरुद्ध?
तं म्हने, फार्मसीवाल्याइच्या.
फार्मसीवाले! अरे, थ्याइचा डाव्या कोपऱ्यातला गडी
पकड सोडून चष्मा सांभायते.
थे बावीस पॉइंट दोन दिवस उन्हात टाक,
सात उरले तं मले सांग.

मी पॉइंट मोजतच नाई.
मी पाय पाह्यतो. पुढचा नाई, मांगचा.
गडी निदान रेषा ओलांडते तवा
मांगचा पाय घराकडे तोंड करून हाय
का थोई पुढच्यामांगं भुललेला हाय?
मी तिसरी रेड पाह्यतो.
दोन खाली गेल्या, आता आनाच लागते, नाई तं बाहीर,
तवा याचा दम "कबड्डी कबड्डी" म्हनते
का "माय माय" म्हनते?
अन् पकडल्यावर उठते कसा?
माती झटकते, का पंचाकडे पाह्यते?
पंचाकडे पाह्यनारा गडी घेऊच नये.
हे माह्यं मत हाय, लिहून ठेवा.

लीगवाल्याइचं तं बोलूच नोका.
थ्याइले गादी, झगमग लाइट,
मालिश करनारा येगळा, चार-चार क्यामेरे.
कोच बाहीरून वरडते, उजव्या कव्हरवर जाय,
थो जाते. मंग डोकं कोनाचं मोजाचं?
आमच्या इथं, जिनिंगच्या मांगं, हॅलोजन एकच,
थोई अर्ध्या मैदानावर.
हवेत कापसाचा भुगा, नाकात जाते, दम तुटते.
अंधाराच्या बाजूले रेड मारून
जो बोट लावून परत येते, थो गडी.

एवढं बोललो का सुधाकर बोबडे, आमचा ग्रेडर,
तयहातात कापूस दाबत, मान खालीच ठेवून म्हनते,
"अन् मिलिंद वाकपांजर?"

आता थे कायले काढते हा मानूस.

खरं हाय. तालुक्याच्या निवडीत म्याच म्हनलं होतं,
याचा डावा पाय लटकते, याले नोका घेऊ.
नाई घेतला.
थो अकोल्याकून खेयला, मंग लीगमंदी गेला, तीन हंगाम.
थ्याची माय अंगनात टीव्ही मांडे, सारं गाव बसे.
मी पानटपरीवरून पाहो.
तिसऱ्या हंगामात गुडघा गेला. डावाच.
म्या सुधाकरले म्हनलं, पाय, डावाच ना?
थो म्हने, "अन् दोन हंगाम कोन्या पायानं खेयला?"

याच्यावर माह्यापाशी उत्तर हाय,
पन थे लांब हाय, अन् गाड्या उभ्या होत्या काट्यावर.

काल सत्तर किलो गटाचं वजन
आमच्याच लहान काट्यावर झालं.
प्रज्वल आला. चड्डीवर, अनवानी,
सांडलेल्या सरकीवरून पाय उचलत उचलत.
काट्यावर उभा राह्यला अन् दम रोखला,
जसं काई दमालेई वजन असते.
"काका, लीगवाले घेतीन का मले?"

म्या मांगचा पाय पाहाले खाली पाह्यलं.
मांगचा नव्हताच कोनता.
दोन्ही पाय एकाजवय एक,
शायेच्या फोटोत उभे राह्यतात तसे,
अंगठ्याले एक जुनी भेग, तिच्यात माती.

"एकोनसत्तर आठशे," म्या सांगतलं.
"दम सोड आता."
थ्यानं सोडला.
काटा काई हालला नाई.