एक पूर्णांक अठरा

एकतीस वर्षं मी वाळू चाळली.
बांधकाम खात्याची प्रयोगशाळा, इंदूर.
सहा चाळण्या एकावर एक, वर जाड, तळाशी बारीक,
दहा मिनिटं हलवायच्या, मग प्रत्येकीवरचं वजन.
कुठल्या पुलात किती माती गेलीय
ते कागदाआधी बोटांना कळायचं.
सही कधीकधी तरीही करावी लागायची. असो.

आता रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
निषाद हॅलिफॅक्सला जाताना ठेवून गेलेली
चार फुटी काच.
दोन पंप, आळीपाळीने, डावीकडून, उजवीकडून;
रात्री कूस बदलताना वाटतं, पलंगही थोडा सरकला.
"बाबा, प्रवाह कमी करू नका," फोनवर तो,
"प्रवाळाला हात नसतात, तोंड कोण पुसणार त्याचं?"

पाणी नळाचंच.
विंध्य चढून आलेली नर्मदा.
तिला जायचं होतं पश्चिमेला, भडोचच्या पुढे;
आपण पंपाने वर ओढली,
वापरून झाल्यावर कान्हात सोडली,
ती क्षिप्रा, चंबळ करत करत
पार पूर्वेच्या समुद्राला लागते म्हणे.
मी तिला आरओतून काढतो, अगदी कोरी करतो,
आणि लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने
घरातच पोचवतो.

सियागंजात मुर्तझाभाईने तीन बरण्या मांडल्या.
"भिया, ये शक्कर, ये रवा, और ये मोटी."
कुंदाने साखर उचलली. "किती पांढरी! रांगोळीच."
मी काही बोललो नाही.
माझा सगळा जन्म वाळूवर बोलण्यात गेलेला.

सकाळी पाहिलं तर टाकीत धुकं.
उजव्या कोपऱ्यात वीतभर टेकडी,
डावीकडे तळाची काच उघडी, गुळगुळीत, लाजल्यासारखी,
आणि जांभळ्या अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांवर
पिठी पडलेली, पुरणपोळीवर पडते तशी.
दोन दिवस मी ड्रॉपरने एकेक फांदी फुंकत बसलो.

माळ्यावर एक चाळणी होती.
एक पूर्णांक अठरा मिलिमीटर.
कडेला पोचा आला म्हणून खात्याने मोडीत काढली,
लिलावात मी चाळीस रुपयांना घेतली,
का घेतली ते तेव्हा कुंदाला सांगता आलं नाही.

आधी दोन वाट्यांत व्हिनेगर.
एकीत खलघाटची वाळू, जुन्या ओळखीची.
गप्प राहिली. ती कायम गप्पच.
दुसरीत मुर्तझाकडची जाडी.
फसफसली.
शिंपले, प्रवाळाची हाडं, कुणाकुणाची घरं;
वर पुस्तकात असंही होतं की
पोपटमासा प्रवाळ कुरतडतो
आणि मागून जे पडतं तीही हीच.
कुंदा हातातलं लसूण ठेवून हसली:
"म्हणजे साडेतीन हजाराची शी आणलीत?"

मग चाळलं. गच्चीवर, वर्तमानपत्रावर,
जुन्या लयीत, खांदा दुखेपर्यंत.
वर राहिली ती पास.
जास्त जाड चालत नाही,
खडीत खरकटं अडकतं आणि खाली सडत राहतं;
फार बारीक चालत नाही, उडते.
पास झालेली धुतली सात पाण्यांनी,
वाटी टाकीत बुडवून, तळाला टेकवून, मग उलटी केली.

महिना झाला. बसलीय.
फक्त डाव्या पंपासमोर
तळहाताएवढी जागा रोज उघडी पडते.
आधी मी चमच्याने भरायचो.
आता ठेवतो तशीच. गोगलगाय तिथून काचेवर चढते.

चाळणीखाली पडलेली, नापास,
लाडवांच्या डब्यात पडून होती.
पाडव्याला कुंदाने तीच घेतली,
दारात ठिपके काढले, अकरा ते एक,
आणि चहा टाकायला आत गेली.

मी इकडेतिकडे बघून
कडेच्या एका ठिपक्यावर
व्हिनेगरचा थेंब सोडला.

बोलली.