दुसरं दार

नारायण पेठेतल्या दुकानाचा जिना चढतानाच
शैलानं बजावलं: दीड किलोच्या वर एक ग्रॅम नाही.
ती माझी नणंद. सासूबाई होत्या तोवर वन्सं म्हणायचे,
एकमेकींचे गुडघे माहीत झाल्यापासून नुसती शैला.
टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, आकडे सुटले नाहीत.
टूथब्रशचा दांडा अर्धा कापलाय तिनं.
सहा ग्रॅम, म्हणाली.
आणि पिशवीत पाव किलो शेंगदाण्याचे लाडू.

दुर्वे नावाच्या मुलानं दोन टेंट टेबलावर ठेवले,
झोपलेली मांजरं उचलून ठेवावीत तसे.
हा एक किलो तीनशे ऐंशी. एक दार.
चालायच्या काठ्यांवरच उभा राहतो.
हा दोन किलो शंभर. दोन दारं,
खुंट्या न ठोकताही उभा.
रुंदी दोघांची एकशे पंचवीस सेंटिमीटर,
दोन माणसं आरामात.
कुठली दोन माणसं, मी विचारलं.
त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि गप्प बसला,
शहाणा मुलगा.
दोन्ही टेंट दोन दिवसांच्या भाड्यानं दिले.

वाटेत मारुती रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला
शैलानं दोन्ही लटकवले,
पेपरचा गठ्ठा बाजूला सारून.
"हलका म्हणता तो दीड किलो भरतोय, ताई.
खुंट्या धरल्या नसतील कंपनीनं."
जड निघाला दोन दोनशे.
मग चष्मा लावून त्यानं कापड चिमटीत धरलं:
"भाव काय धरू?"

डहाणूकर कॉलनीतली आमची गच्ची, जानेवारी.
सिमेंटात खुंटी जात नाही
म्हणून हलक्याच्या दोऱ्या पाण्याच्या कॅनना,
केबलच्या पाइपाला,
आणि एक शिरीषच्या हातात,
जो माझा नवरा, तिचा भाऊ,
आणि ज्याला वारा बाधतो.
किती वेळ धरू? दर मिनिटाला.
कानटोपी सारखी करायला त्यानं हात सोडला
आणि टेंट शैलाच्या अंगावर
ओल्या पापडासारखा बसला.

जड मात्र आपला आपण उभा राहिला.
टिपॉय सरकवावा तसा उचलून टाकीच्या आडोशाला नेला
आणि आत आडव्या झालो.

बत्तीस वर्षांच्या नात्यात
एकशे पंचवीस सेंटिमीटरवर कधी आलो नव्हतो दोघी.
मध्ये नेहमी कुणीतरी असायचं.
सासूबाई, शिरीष, हळदीकुंकवाची ताटं,
एकदा तर नुसता एका बांगडीचा प्रश्न,
सात वर्षं.
ती डोक्याला कुठलं तेल लावते
हे मला आत्ता कळत होतं.

सातशे ग्रॅम, ती छताकडे बघत म्हणाली.
सातशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक बाटली पाणी.
बघू, मी म्हटलं.
शेजारच्या इमारतीत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.
मग पलीकडे तोंड करून:
"मला रात्री दोनदा उठावं लागतं गं.
एकच दार म्हणजे तुला ओलांडून..."
वाक्य तिनं तिथेच ठेवलं.
मीही उचललं नाही.
मला ठाऊक होतं.
दिवाळीला राहायला आली की
बाथरूमपर्यंत दिवा न लावता जाते, भिंत चाचपत,
कुणाची झोप मोडू नये म्हणून,
आणि दर वर्षी तीच बादली लाथाडते.

ठरलं. पैसे निम्मे निम्मे, ओझंही.
पोल आणि खुंट्या तिच्या सॅकमध्ये,
कापड माझ्या.
भांडलोच वाटेत,
तर एकीकडे काठ्या राहतील आणि एकीकडे घडी.

रात्री खाली जावंसं वाटेना. तिथेच झोपलो.
दोनच्या सुमाराला तिच्या बाजूची झिप,
अगदी हळू, एकेक दात मोजत.
फटीतून सिंहगडावरचे लाल दिवे दिसले,
मग तिची पाठ, मग नुसती थंडी.
जिन्याचं दार करकरलं.
मी डोळे उघडे ठेवून
छताला आतून जमलेले आमच्या श्वासांचे थेंब बघत राहिले,
तिकडची झिप पुन्हा वाजेपर्यंत.

"जागी आहेस?"

मी घोरल्याचा आवाज काढला.
तो तिला खरा वाटला की नाही, कोण जाणे.
अंधारात लाडवाचा कागद तेवढा वाजला.