दहाला सात

बाटली हलवायची नाही.
हलवली की बुडबुडे येतात, आणि वाळता वाळता फुटलेला बुडबुडा
देवीच्या व्रणासारखा जन्मभर राहतो.
ढवळायची. काडीने, सावकाश, पार तळापासून,
कारण मॅट व्हार्निशचा सगळा निस्तेजपणा
गाळ होऊन खाली बसलेला असतो,
वर नुसती चमक.

यास्तार्निया. नोव्हेंबर. न्हाणीघर.
कॉम्प्रेसर टबात, दोन टॉवेलांच्या घडीवर,
नाहीतर खालची नेत्स्लोवा म्हातारी
छताला झाडूचा दांडा आपटते.

दहा थेंब व्हार्निश, सात थेंब थिनर.
लेबलावर एकास एक लिहिलंय.
लिहिणारा समुद्राकाठचा नसावा.
इथे डाव्या खिडकीत खाडी, उजव्या खिडकीत बाल्टिक,
मधली हवा पिळली तर बादली भरेल.
अशा दिवशी जास्त पातळ फवारलं
की पांढरं धुकं धरतं रंगावर,
आणि आकड्यांच्या कडा उचलतात.
जाड ठेवलं तर नोझलमधून कोळिष्टकं.

साय काढलेल्या दुधासारखं हवं, असं सगळेच सांगतात.
कुणाच्या गायीचं, ते कुणी सांगत नाही.
मी पेला तिरका करतो.
ओघळ उतरताना मागे पदर सोडत गेला
तर जमलं.
दह्याचे नऊ चमचे वाया घालवले, प्लास्टिकचे,
पाठीवर फवारून, उजेडात धरून.
दहावा बरा निघाला.

बोट आन्झेल्म बुजिशची. यास-११७.
खरी आता नाही.
कापाल तर पैसे, ठेवाल तर काही नाही,
असा कागद आला होता वरून.
तीन दिवस गॅसकटर चालले.
त्या पैशांत घरावर नवं छप्पर आलं,
धाकटीचं लग्न झालं,
आणि आन्झेल्मने आपली खुर्ची फिरवून घेतली,
पाठ धक्क्याकडे.

त्याच्या सत्तरीसाठी ट्रुडाने मॉडेल सांगितलं.
आगाऊ म्हणून धुरावलेला ईल, वर्तमानपत्रात गुंडाळून.
चार महिने लागले. दोरखंड माझ्या बहिणीच्या शिवणडब्यातले,
गंज तीन प्रकारचा, विंचपाशी जास्त,
कारण तिथे तो नेहमी पाय टेकायचा.
सगळ्यावर दहाला सात, एक बारचा दाब,
वीतभर अंतरावरून, न थांबता.
वाळल्यावर उजेड असा बसला तिच्यावर
की मीच दिवा बंद करून पुन्हा लावला.

ट्रुडा आली. कोट काढला नाही.
बराच वेळ वाकून पाहत राहिली.
म्हणाली, ब्रुनोन, ही कोरडी आहे.

मी सांगितलं, मॅट आहे.
बोट लहान केली की उजेडही लहान करावा लागतो,
नाहीतर खेळणं दिसतं.

ती म्हणाली, असेल.
एकतीस वर्षं मी हिची वाट पाहिली.
कोरडी एकदाच पाहिली,
कापायला वर ओढली त्या आठवड्यात.

ती गेल्यावर ईलचा उरलेला तुकडा खाल्ला.
मग ग्लॉसची बाटली शोधली,
झाकण पकडीने फिरवावं लागलं.
दहाला बारा.
हे पुस्तकात नाही, असं कुणी करू नये.
डेकवर तीन हात, प्रत्येक आधीच्याहून विरळ,
पाणरेषेखाली चार,
विंचपाशी ब्रशच्या टोकाने जवळजवळ निव्वळ थिनर,
तळं साचू दिलं मुद्दाम.
नेत्स्लोवाने दांडा आपटला. आपटू दे.
अकरा वाजता ती बोट
माझ्या वॉशिंग मशीनवर निथळत उभी होती
आणि तिच्यात थेंबभर पाणी नव्हतं.

रविवारी केक कापायच्या आधी दिली.
आन्झेल्मने चष्मा लावला नाही.
दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली,
थिनरचा वास अजून होता थोडा,
खाली ठेवली,
आणि तळवे विजारीला पुसले.