कत्तल

दोन मंडळांनी दोन पाट्या सांगितल्यात.
एकाला हवाय दुर्गू, दुसऱ्याला दुरगप्पा.
पत्रा एकाच दुकानातला, रंग एकाच डब्यातला,
विसार तेवढा वेगवेगळ्या खिशांतून आला.
खानापुरात सतरा वर्षं मी अक्षरं रंगवतो,
गोल वळणांचीही आणि शिरोरेघेखालचीही.
काळं फासलेली पाटी पुसायला
रॉकेल किती लागतं, तेही ठाऊक आहे.

माणूस दिसायचा कसा, एवढं विचारायला
मुडेकोपला गेलो, निंगव्वाकडे.
ती परड्यात हलगी शेकत होती
कडब्याच्या जाळावर, कान लावून.

"दिसायचा?" ती म्हणाली.
"त्याच्याकडं बघायचं कुणी?
देसायाच्या हुड्याखालनं जाताना
त्यानं सावलीसुद्धा आवरून न्यायची.
ऐकायचे त्याला. तेवढंच."

त्या साली भात पोटरीतच पोचट झालं.
साहेबाचा सारा होता तेवढाच,
त्यावर देसायाचा फाळा,
त्यावर कारकुनाची मूठ.
बियाणंसुद्धा उचलून कोठारात भरलेलं,
गाड्या उद्या धारवाडला.
दुर्गूला हुकूम झाला: दवंडी पिट,
ज्यानं त्यानं आपलेच बैल
सकाळी आणून गाडीला जुंपायचे.
आधी मराठीत, कारकुनासाठी.
मग कानडीत, गावासाठी.

मराठीत त्यानं हुकूम जसाच्या तसा सांगितला,
कान्यामात्रेचा फरक नाही.
मग हलगी दुसऱ्या काखेत घेतली.
*केळ्रप्पो केळ्री!*
*कत्तलदाग बर्री, चीला तर्री!*

अंधारात या, पोती आणा.

कारकून घाटावरचा, नवा.
त्याच्या कानात एकच शब्द शिरला
आणि तो त्याच्या भाषेत रक्ताचा होता.
कत्तल म्हणाला! कत्तल!
देसायाला कानडी कळायची,
पण दुपारच्या अफूनं तो आडवा झालेला.
सगळे शिपाई, सगळ्या मशाली
कारकुनानं स्वतःच्या खोलीभोवती उभ्या केल्या.
कोठाराला उरलं एक कुलूप
आणि एक म्हातारं कुत्रं.

रात्रभर मलप्रभेच्या उतारातून
पोती पलीकडं गेली.
मराठा, मादर, हणबर, कुंभार,
कुणाच्या डोक्यावर कुणाचं पोतं, कळेना,
आणि बघायला दिवा लावणार कोण?

निंगव्वा हलगीवर बोट मारून बघते.
अजून ढब्ब. पुन्हा जाळावर.

चौथ्या दिवशी धरला त्याला.
दुभाष्यानं विचारलं, कत्तल म्हणालास?
म्हणालो.
म्हणजे काय?
सांगता आलं असतं.
अंधार म्हणाला असता
तर फटक्यांवर सुटला असता कदाचित.
पण अंधार सांगितला की पोती सांगावी लागतात,
पोती सांगितली की खालची डोकी.
"तुमचा कारकून म्हणतोय तेच," तो म्हणाला.

निंगव्वा म्हणते चिंचेला टांगला.
एक मंडळ म्हणतं वडाला.
दुसरं म्हणतं टांगलाच नाही,
जांबोटीच्या रानात निसटला,
आणि त्या फांदीचा वाद अजून चाललाय.

"मग पाटीवर काय लिहू, आज्जी?"
"त्यानं म्हटलेला शब्द लिही की."
"कुठल्या लिपीत?"
"तुला येतात नव्हं दोन्ही?"
आणि तिनं हलगी उचलून एक थाप दिली.
परड्यातली कोंबडी उडाली, माझा चहा सांडला.

घरी पत्रा भिंतीला टेकवून बसलोय.
नागरीत लिहावं तर सकाळी पोलीस दारात.
कानडीत लिहावं तर लोक म्हणतील,
लाईट गेली वाटतं.
डब्यातल्या रंगावर साय धरलीय.
दोन्ही मंडळांचे फोन येऊन गेले.
डाव्या कानात ती थाप अजून आहे.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय,
वाळू नये म्हणून.